किशोरींचे आरोग्य : उपदेश नको, हक्क हवा

वरळीच्या बीडीडी चाळीत वाढणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ‘सक्षम’ करण्याची घाई अलीकडे पुष्कळांना झाली आहे. सरकारी खात्यांना झाली आहे, कंपन्यांच्या सामाजिक निधीला झाली आहे, आणि निवडणुकीच्या वर्षात राजकीय पक्षांच्या महिला आघाड्यांनाही ती होते. समाजमंदिरात फलक लागतो, पाहुण्या डॉक्टरीणबाई दोन तास बोलतात, मुलींच्या हातात सॅनिटरी पॅडचे एकेक पाकीट पडते, छायाचित्र निघते आणि सक्षमीकरण आटोपते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पुन्हा सामाईक शौचकूपापुढच्या रांगेत उभी असते.

असे कार्यक्रम करणाऱ्यांचा हेतू वाईट असतो, असे म्हणण्याचा उद्देश नाही. आक्षेप निराळा आहे. मुलीच्या आरोग्याचा प्रश्न हा तिच्या अज्ञानाचा प्रश्न आहे, असे एकदा ठरवले की उत्तराची जबाबदारी आपोआप तिच्याच शिरावर येते. तिने स्वच्छ राहावे, तिने पालेभाजी खावी, तिने न लाजता बोलावे, तिने स्वतःचे रक्षण करावे. घर देणारे सरकार, पाणी देणारी महापालिका, मजुरी देणारा मालक आणि घरातील पुरुष हे सगळे ह्या हिशेबातून सुटतात. ‘सक्षमीकरण’ ह्या शब्दातच ही सोय करून ठेवलेली आहे. जणू अक्षम आहे ती मुलगी. व्यवस्था मात्र धडधाकट आहे!

खोली, नळ आणि शौचकूप

ही मुलगी राहते कोठे, ते आधी पाहू. गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकीर्दीत, १९२० मध्ये, मुंबईत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ चाळी. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे एका मजल्यावर वीस कुटुंबे, आणि त्या सर्वांसाठी मजल्यावरचे सामाईक शौचकूप. वरळीच्या चाळी बांधून झाल्यावर कित्येक वर्षे पुष्कळशा रिकाम्या पडल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने त्यांचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. कामगारांसाठी बांधलेले घर तुरुंग म्हणूनही चालते, ह्यावरून बांधणाऱ्यांची दृष्टी समजावी.

सहा माणसांच्या कुटुंबात माणशी सत्तावीस चौरस फूटही जागा येत नाही. अशा खोलीत ज्या मुलीला पाळी सुरू झाली, तिला आरोग्यशिक्षण सांगते, की कपडा वापरत असशील तर तो स्वच्छ धुऊन उन्हात वाळव. कोणत्या उन्हात? दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणाऱ्या अंधाऱ्या व्हरांड्यात, की खिडकीबाहेरच्या दोरीवर, जेथे सगळी चाळ पाहते? आरोग्यशिक्षण सांगते, की पॅड दर काही तासांनी बदल. बदलण्यासाठी दार लावून घ्यायला जागा हवी, पाणी हवे, टाकायला झाकणाचा डबा हवा. त्यातले काहीच नसेल तर मुलगी पाणी कमी पिते, लघवी दाबून धरते, शाळा बुडवते. हे वागणे अज्ञानातून येत नाही. उपलब्ध परिस्थितीत तिने काढलेला तो अत्यंत व्यवहारी मार्ग असतो.

जागेसारखाच वेळेचाही प्रश्न आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मोडीत निघाल्या. पुरुषाची पाळी सुटली आणि घर चालवण्यासाठी गिरणगावातल्या कित्येक बायांनी धुणीभांडी, पोळीभाजीचे डबे, दुकानांतील व कार्यालयांतील साफसफाई अशी कामे पत्करली. आई बाहेर पडली की तिचे घरातले काम थोरल्या मुलीकडे आले, भावाकडे नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार सहा वर्षांवरील ८१ टक्के स्त्रिया घरातले बिनमोबदल्याचे काम करत होत्या, पुरुषांपैकी २६ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ह्या मिनिटांना किंमत नाही. परंतु मुलीच्या आयुष्यात ती अभ्यासाच्या, खेळाच्या आणि विश्रांतीच्या वेळेतूनच वजा होतात.

योजनांचे सरकते वय

आता सरकारचे कर्तृत्व पाहावे. २००० मध्ये किशोरी शक्ती योजना आली. १९ नोव्हेंबर २०१० रोजी ‘सबला’ आली. देशातील सुमारे दोनशे जिल्ह्यांत ११ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी. २०१७-१८ मध्ये तिची जागा घेणारी योजना ११ ते १४ वर्षांच्या आणि तेही शाळाबाह्य मुलींपुरती उरली. २०२१ मध्ये पुन्हा नियम बदलला. वय १४ ते १८ झाले, पण लाभ ईशान्येकडील राज्ये आणि ‘आकांक्षित’ जिल्हे एवढ्यांपुरता मर्यादित करण्यात आला. महाराष्ट्रातले असे जिल्हे चार : नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. तेथील मुलींना मिळालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु वरळीची मुलगी कोणत्या हिशेबाने पुष्ट ठरली? ती मुंबईत राहते आणि मुंबई श्रीमंत आहे, एवढ्यावरूनच ना? सरासरीच्या आड दारिद्र्य लपवण्याची ही जुनी युक्ती आहे.

पॅडच्या बाबतीतही तेच झाले. केंद्राने २०११ मध्ये सुरू केलेली स्वस्त पॅडची योजना ग्रामीण मुलींसाठी होती. राज्याने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेली ‘अस्मिता’ योजना जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत पॅड देणारी होती. जिल्हा परिषद मुंबईत नाही. सबब महापालिकेच्या शाळेत जाणारी मुलगी त्या वर्तुळाबाहेर राहिली. एका योजनेत वय बसत नाही, दुसरीत जिल्हा बसत नाही, तिसरीत शाळा बसत नाही. हक्क असता तर असे झाले नसते. मेहेरबानीचे मात्र असेच असते; देणाऱ्याला वाटेल तेव्हा तिचा व्याप वाढतो आणि आटतो.

७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. कागदावर तो उत्तम आहे. पोषण, लैंगिक आणि प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा व अपघात, व्यसने, असंसर्गजन्य आजार, अशी सहा अंगे त्यात मानली आहेत. आणि १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी खास दवाखाने सांगितले आहेत. त्याच सुमारास शाळांतून आठवड्याला एक लोहाची गोळी देण्याचेही सुरू झाले. मग फळ काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५४.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५९.१ टक्के झाले. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ते ३१.१ टक्के होते.

हा फरक काही प्रमाणात निसर्गाचा आहे, हे खरे. पाळीत रक्त जाते. पण म्हणूनच मुलीच्या ताटात अधिक पडायला हवे होते. आपल्या घरांत तिच्या ताटात कमी पडते आणि शेवटी पडते. उपाशी पोटी घेतलेल्या लोहाच्या गोळीने मळमळते, म्हणून मुली ती टाकून देतात. डाळ, कडधान्य, अंडे, हिरवी भाजी ह्यांचे भाव आणि आईची मजुरी ह्यांविषयी एक अक्षर न बोलता रक्तक्षयावर भाषण देणे, ही शास्त्राची सेवा नव्हे.

गुंतवणुकीची भाषा

ह्या कार्यक्रमांमागे एक विचार आहे, आणि तो ओळखला पाहिजे. १९९२ मध्ये जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स ह्यांनी असे प्रतिपादन केले, की विकसनशील देशांत मुलींच्या शिक्षणाइतका परतावा देणारी गुंतवणूक बहुधा दुसरी नाही. वरवर पाहता ह्यात वावगे काय? मुलींवर खर्च होत असेल तर कारण कोणतेही असो, असे आपल्यातलेही काहीजण म्हणतील.

वावगे हे, की परताव्याच्या हिशेबात परतावा न देणाऱ्या मुलीला जागा राहत नाही. जी आजारी आहे, जी अपंग आहे, जी शाळा सोडून घरकाम करते, तिच्यावर खर्च कशासाठी करावा? मुलीने शिकावे ते तिच्या पोटी निरोगी मूल यावे म्हणून, कुटुंब लहान राहावे म्हणून, देशाचे उत्पन्न वाढावे म्हणून. तिला स्वतःचे शरीर स्वतःचे म्हणून जगता यावे, हे कारण त्या यादीत सर्वांत शेवटी येते, किंवा येतच नाही. समाजवादाची भूमिका नेमकी उलटी आहे. माणूस हे भांडवल नव्हे. आरोग्य हे नफ्याचे साधन म्हणून नव्हे, माणसाचे देणे म्हणून द्यावयाचे असते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून काही चांगली कामेही झाली. परंतु कोणत्या वस्तीत, किती महिने, कोणत्या विषयावर काम चालावे हे कंपनी ठरवते. लोकनियुक्त सभागृह नव्हे. वर्ष संपले, निधी दुसऱ्या विषयाकडे वळला, की केंद्र बंद होते. मुलीने प्रश्न विचारण्याचे धाडस नुकते कोठे गोळा केलेले असते. तोवर ऐकणारी ताई निघून गेलेली असते.

संस्कृतीचे पहारेकरी

दुसरीकडे, शिकवूच नये असे म्हणणारा पक्षही प्रबळ आहे. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात शाळांतील लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि सरकारने तो अभ्यासक्रम थांबवला. विरोध करणारे त्या वेळचे विरोधी पक्ष होते. माघार घेणारे सरकार स्वतःला पुरोगामी म्हणवणारे होते. मुलांना माहिती दिली की ती बिघडतात, हा युक्तिवाद तेव्हा जिंकला. माहिती न देण्याचे फळ काय, हे जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरला दिसले. एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले, म्हणून कोणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी करण्यात आली. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, अटक झाली. पण गुन्हा एका शाळेपुरता मानून चालणार नाही. पाळी ही लपवण्याची, आणि सापडली तर शिक्षेची बाब आहे, असे मानणारी शिकलेली माणसे आपल्याच समाजाने घडवली आहेत.

आणि ही संस्कृतीची भाषा महाराष्ट्रात तरी कोणी कोणाला ऐकवू नये. लंडनमध्ये मेरी स्टोप्स ह्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले त्याच १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी मुंबईत तसेच केंद्र उघडले. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यासाठी प्राध्यापकाची नोकरी गमावली, खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला तो बाबासाहेबांच्या पक्षाचे सभासद रोहम ह्यांनी मांडलेला. तो फेटाळला गेला. परंतु शरीराविषयीचे ज्ञान हा स्त्रीच्या मुक्तीचा भाग आहे, ही गोष्ट मुंबईत तेव्हा सांगितली गेली होती. बीडीडी चाळीत जेथे बाबासाहेबांची जयंती घरोघर साजरी होते, तेथे हा इतिहास मुलींना कोणी सांगतो काय?

काय साधते, कशाने साधते

तर मग कार्यक्रमच नकोत काय? असा निष्कर्ष कोणी काढू नये. अज्ञान खरे आहे आणि त्याची किंमतही खरी आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग ह्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग होते, सरासरी दर स्त्रीमागे ३.६, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. सोसणे हाच स्त्रीधर्म, असे ज्या वयात मनावर बिंबते ते वय किशोरीचेच आहे. म्हणून शिक्षण त्याच वयात हवे.

ते कसे असावे, ह्याचाही अनुभव महाराष्ट्रातच आहे. पैठण तालुक्यातील पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी एक तास, वर्षभर. शिकवणाऱ्या बाया गावातल्याच. काही वर्षांत तेथे मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले. एक वर्ष म्हणजे फार नव्हे, असे ज्यांना वाटते त्यांनी सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला विचारावे. मुंबईत सोनल शुक्ल ह्यांच्या ‘वाचा’ संस्थेने वस्त्यांतील मुलींबरोबर अनेक वर्षे चिकाटीने काम केले. २०११ पासून ‘राइट टू पी’ मोहिमेतील बायांनी सार्वजनिक मुताऱ्यांची पाहणी करून दाखवून दिले, की पुरुषांना जे फुकट आहे त्यासाठी बायकांकडून पैसे घेतले जातात.

ह्या उदाहरणांतून तीन गोष्टी निघतात. काम नियमित आणि दीर्घ मुदतीचे हवे. शिकवणारी बाई ओळखीची आणि विश्वासाची हवी. आणि शिकलेल्या ज्ञानाचा शेवट मागणीत व्हायला हवा. शौचकूप मोजण्यात, अर्ज करण्यात, अधिकाऱ्याला जाब विचारण्यात. दोन तासांच्या व्याख्यानात ह्यांतले एकही नसते.

शिकवणाऱ्या बाईचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा. ज्या अंगणवाडी सेविकेने मुलींना सक्षम करायचे, तिला स्वतःला सरकार कामगार मानत नाही. तिला वेतन नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना त्यासाठी बेमुदत संपावर जावे लागले. आपल्या हक्कासाठी रस्त्यावर बसलेली ही बाई मुलींना सक्षमतेचा जो पाठ देते, तो कोणत्याही पुस्तिकेत छापलेला नाही. सरकारला मात्र तिने पुस्तिका तेवढी वाचून दाखवायला हवी आहे.

आपले काम

काही कार्यकर्ते म्हणतील, आधी घराचा प्रश्न सुटू द्या, रोजगाराचा सुटू द्या. पाळी, पॅड, रक्तक्षय हे महिला मंडळाचे विषय आहेत. हे मत आपल्या परंपरेला धरून नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभ कायदा झाला, तो देशातला पहिला. त्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले होते, की बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार समाजाने, म्हणजे सरकारने, उचलला पाहिजे. गिरणीतल्या बाईचे शरीर त्या दिवशी कायद्याचा विषय झाले. १९७२ नंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर ह्यांनी लाटणे घेतलेल्या बायांना रस्त्यावर आणले, तेव्हा स्वयंपाकघर राजकारणात आले. गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध मृणालताईंनी विधानसभेत विधेयक आणले आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. खासगी म्हणून बाजूला सारलेली गोष्ट सार्वजनिक मागणी म्हणून उभी करणे, हेच समाजवादी राजकारण होय.

आज वरळीत ते करण्याची वेळ आली आहे. चाळी पाडून म्हाडा मनोरे उभारत आहे. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. घरात स्वतःचे शौचालय येणे हीच मुलींच्या आरोग्याची मोठी योजना आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु चाळीचा व्हरांडा गेला की मुलींचे एकत्र येण्याचे ठिकाणही जाते. मुलग्यांना व्यायामशाळा आहे, मंडळाचे कार्यालय आहे, जांबोरी मैदान आहे. तेथे दहीहंडीच्या थरांसाठी राजकीय पक्ष चढाओढीने पैसा ओततात. मुलींसाठी काय आहे? नव्या वसाहतीत व्यायामशाळेला जागा लागेल, मंडळाला लागेल, देवळाला लागेल, आणि ती मागणारे पुष्कळ निघतील. मुलींच्या खोलीसाठी कोण मागणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या हाती घ्याव्यात. पुनर्विकासाच्या प्रत्येक टप्प्यात मुलींच्या केंद्रासाठी एक खोली लेखी राखून ठेवली जावी आणि तिचा कारभार स्त्रियांच्या समितीकडे असावा. महापालिकेच्या दवाखान्यात आठवड्यातून ठरलेल्या संध्याकाळी, शाळा आणि काम आटोपल्यावर येता येईल अशा वेळी, किशोरींसाठी स्त्री डॉक्टर आणि समुपदेशक उपलब्ध असावी. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत शरीरशिक्षणाचा तास वेळापत्रकात असावा आणि तो मुलग्यांनाही असावा. कारण मुलींना धीट करून मुलग्यांना अडाणी ठेवणे ही अर्धीच सुधारणा आहे. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी, पाणी आणि झाकणाचा डबा असावा. आरोग्य सेविकांना मानधन नव्हे, वेतन मिळावे. आणि किशोरींच्या पोषण योजनेवरील जिल्ह्यांची अट काढून टाकावी.

पैसा नाही, हे उत्तर मुंबईत चालणार नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. तो मांडला गेला तेव्हा सभागृहच अस्तित्वात नव्हते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार केला आणि नागरिकांना जाब विचारायला नगरसेवकही नव्हता. आता निवडणूक झालेली आहे. जी-दक्षिण विभागाच्या नगरसेवकांकडे ह्या मागण्या घेऊन जावे, आणि ते शिष्टमंडळ पुरुष कार्यकर्त्यांचे नसावे. चाळीतल्या मुलींनी स्वतः मोजलेले शौचकूप, स्वतः लिहिलेला अर्ज आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या त्यांच्या आया, असे ते असावे. पुढच्या वेळी समाजमंदिरात पॅडची पाकिटे वाटायला कोणी आले, तर मुलींनी ती जरूर घ्यावीत, आणि दवाखाना संध्याकाळी कधी उघडणार, हेही विचारावे.